दिलेल्या माहितीवरून

सुकदेव नाना कोणतीही वस्तू हातात घेतली की आधी ती उजेडात धरून एकदा गोल फिरवायचे. चहाचा कप, वांगं, औषधाची बाटली, कुणाच्या लग्नाची पत्रिका, काहीही. मग "ठीक" म्हणून जवळ घ्यायचे, नाहीतर काही न बोलता बाजूला सरकवायचे. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, हसत सांगायच्या, "अंतरपाट सरकला तेव्हा माझ्याकडेही असंच बघितलं ह्यांनी. लोक होते म्हणून फिरवलं नाही."

नाना वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं तपासणीच्या कामाला होते. काय तपासायचे ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "गेटच्या आतलं गेटच्या आत." फक्त एवढंच सांगायचे की त्यांच्या हातात एक लोखंडी माप असायचं. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं टोक जायला नको. दोन्ही जमलं तर माल पास. एक जरी चुकलं तर लाल डब्यात. "मधलं काही नाही," नाना म्हणायचे. "थोडंसं जातंय, चालेल, असं नाही. साहेब उभा असला तरी नाही."

आमचं घर त्यांच्या घरापासून चौथं. माझे वडील केळी कापणीच्या टोळीत आहेत. सकाळी लवकर निघायचं, बागेत घड कापायचे, ट्रक भरायचा. आमच्या घरात बारावीपर्यंत पोचलेली मी पहिली. कॉलेजच्या एका मॅडमनी सांगितलं की तू वकील हो, बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स असतो, त्याला सीईटी द्यावी लागते. पेपर मराठीतूनही देता येतो हे ऐकून मी फॉर्म भरला. जुनं एक पुस्तक मिळवलं. कायद्याचे प्रश्न समजत होते, सामान्यज्ञान पाठ करता येत होतं. पण तर्कक्षमतेचं प्रकरण उघडलं की माझं डोकं बंद व्हायचं.

नानांकडे मी गेले ती त्यांच्या मुलाची पुस्तकं मागायला. त्यांच्या मुलाने कधीतरी बँकेच्या परीक्षा दिल्या होत्या, मग तो नाशिकला एका कंपनीत लागला. पुस्तकं राहिली. मला वाटलं होतं ती कोरी असतील. पण प्रत्येक पानावर निळ्या पेनाने बारीक अक्षरात उत्तरं लिहिलेली होती, आणि नुसती उत्तरं नाही, कारणंही.

"दादाने लिहिलं का हे?" मी विचारलं.

"त्याने पहिली अकरा पानं सोडवली," नाना म्हणाले. "बाकीची मी. रिटायर झाल्यावर लोक पत्ते खेळतात. मला पत्ते येत नाहीत."

नाना दहावी शिकलेले होते.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाच ते सात मी त्यांच्या ओट्यावर बसू लागले. नाना मूळचे अमळनेरकडचे. आम्ही इकडचे लोक "हाये" म्हणतो, ते "शे" म्हणायचे. शिकवताना मात्र ते फॅक्टरीतल्या साहेबाशी बोलावं तसं शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचे. रागवायचे आणि हसायचे तेवढे अहिराणीत.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना हसवलं. प्रश्न असा होता: सर्व केळी पिवळी आहेत. काही पिवळ्या वस्तू महाग आहेत. तर काही केळी महाग आहेत, हा निष्कर्ष निघतो का? मी उत्तर लिहिलंच नाही. पहिल्या विधानावर फुली मारली आणि शेजारी लिहिलं, "चूक. केळी हिरवी असतात."

नानांनी वही उजेडात धरली. "हे काय?"

"नाना, पप्पा रोज ट्रक भरतात. सगळी हिरवी असतात. पिवळं निघालं तर व्यापारी घेतच नाही, खाली काढून ठेवतो."

नाना इतके हसले की अक्का बाहेर आल्या. "काय व्हयनं?"

"ही पोर पेपर काढणाऱ्यालाच नापास करू राह्यनी!" मग डोळे पुसत मला म्हणाले, "अगं, ही तुझ्या बापाची केळी नाहीत. ही पेपरवाल्याची केळी. त्याने पिवळी सांगितली, पिवळी. निळी सांगितली तर निळी. तुला घरून काही आणायचं नाही."

पुढे हे त्यांचं नेहमीचं झालं. मी घाईने काही बोलले की ते बोट वर करायचे. "हाई देयेल शे, का तू घरून लई उनी?" म्हणजे, हे प्रश्नात दिलेलं आहे की तू घरून आणलंस? बहुतेक वेळा मी घरूनच आणलेलं असायचं. माणूस गरीब आहे असं वाचलं की मी तो प्रामाणिकही धरायचे. मुलगी रडली म्हटलं की तिच्यावर अन्याय झालाय असं मी ठरवून टाकायचे. नाना म्हणायचे, "रडली एवढंच दिलंय. कांदा चिरत असेल."

नातेसंबंधांच्या प्रश्नांत मात्र नानांचं काही चालायचं नाही. तिथे अक्का होत्या. अक्कांना सही करता यायची, वाचता येत नव्हतं. त्या आत भाकरी थापत असायच्या आणि आम्ही बाहेर कागदावर वर्तुळं आणि चौकोन काढत असायचो. एकदा मी मोठ्याने वाचलं, "एका बाईकडे बोट दाखवून माणूस म्हणाला, हिच्या आईचा एकुलता एक मुलगा माझे वडील. तर ती बाई त्याची कोण?" नाना पहिली रेघ ओढत होते तोवर आतून आवाज आला, "आत्या! एवढं काय इचारतंस?"

"थांब गं, पोरीला करू दे," नाना चिडून म्हणाले.

"तिनी करं का नही, ती आत्या ते आत्याच ऱ्हाई."

आणि दिशांच्या प्रश्नाला नाना मला खरोखर चालायला लावायचे. उत्तरेला दहा पावलं, मग उजवीकडे पाच, पुन्हा उजवीकडे दहा, आता सुरुवातीपासून कुठे आहेस? मी कागदावर पश्चिम लिहिलं. नाना उठले, मला पुढे घालून गल्लीत मोठ्याने पावलं मोजत निघाले. शेवटी आम्ही दोघं दामूअण्णांच्या गोठ्यात, म्हशीसमोर उभे होतो. दामूअण्णा धार काढत होते.

"काय नाना, घर सापडंना का?"

"सापडलं. पूर्वेला पाच पावलं," नाना माझ्याकडे बघत म्हणाले. "म्हैस पूर्वेला असते. लक्षात ठेव."

माझे चुकलेले प्रश्न ते चिठ्ठीवर उतरवायला लावायचे. माझ्याच अक्षरात. त्या चिठ्ठ्या एका तेलाच्या रिकाम्या लाल डब्यात जायच्या आणि रविवारी तो डबा ओट्यावर पालथा व्हायचा. सुरुवातीला डबा भरून वाहायचा. मार्चपर्यंत तळाला सात-आठ चिठ्ठ्या उरल्या.

याच दिवसांत नानांच्या डोक्यात खोलीचं आलं. ग्रामपंचायतीची एक खोली वाचनालयाच्या नावाने बंद पडून होती. ती रोज दोन तास मिळावी, गावातल्या मुलांना बसवावं, तलाठी, पोलीस, बँक, सीईटी, कशाचाही असो, हा भाग सगळ्या परीक्षांना असतोच, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे स्केचपेनने मोठ्या अक्षरात प्रश्न लिहायला घेतले होते, भिंतीवर लावायला. साठेक कागद झाले असतील. अक्का पिठाच्या खळीने त्यांना कडेला पट्ट्या लावून द्यायच्या, फाटू नयेत म्हणून.

सरपंचांकडे ते अर्ज घेऊन गेले तेव्हा मीही सोबत होते. सरपंच माणूस वाईट नाही. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "नाना, तुमच्याबद्दल शंका नाही. पण तुम्ही दहावी. लोक म्हणतील, फॅक्टरीतला माणूस काय शिकवणार. पोरं पाठवतील का? एखादा निकाल दाखवा ना." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ही पास होऊ द्या. हिने चार लोकांत सांगितलं की मला नानांनी शिकवलं, की खोलीची किल्ली तुमची."

परत येताना घराजवळ आल्यावर नाना म्हणाले, "तू त्याचा विचार करू नको. तू पेपरचा विचार कर."

परीक्षेआधी जळगावच्या एका क्लासने तीन रविवार मोफत सराव चाचण्या ठेवल्या होत्या. पहिल्या रविवारी नाना माझ्यासोबत आले. चाचणी दोन तासांची, ते बाहेर पायरीवर माझा डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. सुटल्यावर दोन मुली माझ्याबरोबर बाहेर आल्या. छान बोलत होत्या. त्यांचे वडील गाडी घेऊन उभे होते. एकीने विचारलं, "तुझे आजोबा का?"

मी म्हणाले, "नाही गं. शेजारचे आहेत. त्यांचं जळगावला काहीतरी काम होतं."

नाना दोनच पायऱ्यांच्या अंतरावर होते. त्यांनी ऐकलं की नाही हे मला तेव्हा कळलं नाही. पुढच्या रविवारी मी त्यांना बोलवायला गेले तर म्हणाले, "तू जा. जळगावला माझं काय काम."

मग मला कळलं. पण मी तशीच निघाले, आणि खरं सांगायचं तर एकटं जायला बरंही वाटलं.

परीक्षा चांगली गेली. तर्काच्या प्रश्नांना मी घरून काही नेलं नाही. निकाल लागला तेव्हा त्या भागात मला सगळ्यात जास्त गुण होते. मी पळत नानांकडे गेले. त्यांनी मोबाइल हातात घेतला, उजेडात धरला, आणि बराच वेळ धरून ठेवला. मग "ठीक," म्हणाले. आत जाऊन अक्कांना काहीतरी सांगितलं आणि अक्का कणकेच्या हाताने बाहेर आल्या आणि माझ्या गालाला कणीक लागली.

त्यानंतर आठ दिवसांत जळगावच्या क्लासने आमच्या गावातच माझा सत्कार ठेवला. शाळेच्या पटांगणात मांडव, फ्लेक्सवर माझा मोठा फोटो. खाली क्लासचं नाव. मी तिथे तीनच चाचण्या दिल्या होत्या, पण फोटो मागितला तेव्हा मी दिला होता. मला आवडला होता तो फोटो.

मी भाषण लिहून नेलं होतं. एक पान. त्यात नानांचं नाव तिसऱ्या ओळीत होतं. अक्कांचंही होतं. हे मी स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही. कागद हातात असूनही असं झालं, हेच सांगायचं आहे.

व्यासपीठावर सरपंच, क्लासचे संचालक, आणि जळगावहून आलेल्या एक मोठ्या वकील बाई. काळा कोट नव्हता, पण त्यांचं बोलणं, बसणं असं होतं की मला सारखं वाटत होतं, मला यांच्यासारखं व्हायचंय. माझ्याआधी संचालक बोलले. खेड्यातल्या मुलांना योग्य मार्गदर्शन मिळत नाही, ते आम्ही पोचवतो, असं काहीतरी. वकील बाई माझ्याकडे बघून हसल्या. मग मला माइक दिला.

नाना पुरुषांच्या तिसऱ्या रांगेत होते. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. अक्का बायकांमध्ये, माझ्या आईशेजारी.

मी आईवडिलांचं नाव घेतलं. मॅडमचं घेतलं. तिसऱ्या ओळीवर आले आणि मला वाटलं, आता "फॅक्टरीतून निवृत्त झालेले आमचे शेजारी, दहावी शिकलेले" असं वाचलं तर या बाई काय म्हणतील. त्यांना वाटेल हिचा नुसता नेम लागला. एवढा विचार करायला किती वेळ लागतो? एक श्वास. मी ती ओळ सोडली. नुसती सोडली असती तरी एक वेळ ठीक. पण मधे गप्प राहिल्यासारखं झालं, काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मी कागदावर नसलेलं एक वाक्य बोलले. "या क्लासशिवाय मला दुसरं कोणतंही मार्गदर्शन नव्हतं."

टाळ्या झाल्या. नानांनीही वाजवल्या. मी बघितलं.

खाली चहा होता. सरपंच मोकळे गृहस्थ, सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "काय नाना! तुमचीच पोर म्हणते, दुसरं मार्गदर्शन नव्हतं. आता खोलीचं काय करू मी?"

चार-पाच जण हसले. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला वाटलं आता नाना बोलतील. त्यांच्या घरी लाल डबा होता, त्यात माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. गोठ्यातली म्हैस सोडली तरी दामूअण्णा साक्षीदार होते. नानांनी एक शब्द काढला असता तर त्याच मांडवात, त्या वकील बाईंसमोर, मी खोटी ठरले असते.

नाना म्हणाले, "दिलेल्या माहितीवरून तोच निष्कर्ष निघतो, सरपंच."

आणि तेही हसले. कप ठेवला आणि घरी गेले.

माझ्या तोंडात तेव्हाही शब्द होता. आजही मी तो प्रसंग मनात घोळवते तेव्हा त्या जागी मी बोलते. "नाही सरपंचकाका, मला नानांनी शिकवलं." अगदी सोपं वाक्य आहे. पाच शब्द. तेव्हा मी बिस्किट चहात बुडवत होते.

धुळ्याला प्रवेश मिळाला. धुळ्याच्या पुढे पाठवायला वडिलांनी नको म्हटलं होतं. निघायच्या आधीचे पंधरा दिवस मी नानांच्या गल्लीतून गेले नाही. मागच्या बोळातून, उकिरड्याच्या बाजूने जायचे. आई म्हणायची, "नाना विचारत होते, कधी जाते म्हणून. जाऊन ये ना." मी म्हणायचे, जाते. खोलीचं पुढे असं झालं की पोरांनी व्यायामशाळा मागितली, सरपंचांनी दिली. दिवाळीत मी गेले तेव्हा खिडकीतून आरसा आणि वजनं दिसली. त्या सुट्टीत मी सरपंचांकडे एक कागद घेऊनही गेले. नानांनी मला पाच महिने शिकवलं, असं लिहून, सही करून. त्यांनी वाचला आणि परत दिला. म्हणाले, "हे तेव्हा बोलायचं होतंस, बाई. आता पोरांकडून खोली काढू का?" मग म्हणाले, "आणि तो म्हातारा आता मागतही नाही."

नाना सध्या मुलाकडे नाशिकला असतात. अक्कांच्या गुडघ्यांना जिना-बिना नसलेलं घर हवं होतं, मुलाने तळमजल्यावर घेतलं. त्यांचा नंबर आईकडे आहे. मी तो दोनदा मागून घेतला आणि लावला नाही.

ते गाव सोडून गेले त्या दिवशी आईचा सकाळी फोन आला. भुसावळहून नाशिकच्या एसटीत बसलेत, गाडी धुळ्याला थांबेल, भेटायचं असेल तर जा. मी देवपूरच्या वसतिगृहातून तास बुडवून निघाले. पांझरेच्या पुलावर गर्दी होती, रिक्षा अडकली, मी उतरून चालत गेले. रस्ताभर वाक्य तयार करत होते.

गाडी फलाटाला लागलेली होती. खिडकीत अक्का दिसल्या. नाना पाणी आणायला उतरले होते.

"अगं पोरी! एवढ्या उन्हात?" अक्कांनी गजांतून हात बाहेर काढला आणि माझं मनगट धरलं. "वाळली शे. तठे खावाले देतंस का नही?"

मी म्हणाले, "अक्का, त्या दिवशी मी नानांचं नाव घेतलं नाही. तुमचंही नाही. कागदावर होतं."

अक्कांनी हात सोडला नाही. आजूबाजूला बघितलं, कुणी ओळखीचं ऐकत नाही ना म्हणून, आणि खिडकीशी वाकल्या. तेव्हा कळलं, सत्काराच्या आधी त्यांनी बायकांच्या सगळ्या रांगेला सांगून ठेवलं होतं, आता ऐका, आता पोर आमच्या नानांचं नाव घेईल. हे मला आईनेसुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

"मंग बाया माले इचारू लागन्या, कोठे लिधं नाव?" अक्का हळूच म्हणाल्या. "मी सांगं, तो माइक मजारमाच बंद पडना. पोरनी नाव लिधं, तुमले आयकू उनं नही." मग माझ्या मनगटावर थोपटून म्हणाल्या, "गावमा कोनी तुले काही म्हननार नही. तू अभ्यास कर."

म्हणजे गावातल्या निम्म्या घरांत आजही असंच समजतात की मी नाव घेतलं होतं, माइक मधेच बंद पडल्यामुळे ते ऐकू आलं नाही. कधीही खोटं न बोललेल्या बाईने माझ्यासाठी ते केलं होतं, आणि मी मात्र मागच्या बोळातून जात होते.

नाना पाण्याची बाटली घेऊन घाईने आले. मला बघून थबकले. "कॉलेज बुडवलं?"

"एकच तास," मी म्हणाले. "नाना, मला—"

कंडक्टरने बेल मारली. नाना चढले, गर्दीतून वाट काढत खिडकीशी आले. मी पुन्हा बोलायला लागले, पण इंजिन सुरू झालं होतं. त्यांनी कानाला हात लावला. मी मोठ्याने म्हणायला हवं होतं. फलाटावर लोक होते, माझ्या कॉलेजची दोन मुलंही होती, आणि माझा आवाज वर निघाला नाही. तेवढ्यात अक्का नानांच्या कानाशी झुकल्या आणि त्यांना काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला कळलं नाही. नानांनी ऐकलं, मान हलवली, माझ्याकडे बघून हसले, आणि हाताने खूण केली की चाकापासून मागे सरक.

मी मागे सरकले.